माठामागची कोळीण

अहल्या रमाकांत दिघे. जन्म १९४८, मृत्यू २०११. या माझ्या वहिनी. बडोद्यातील एका महाविद्यालयात त्या प्राणिशास्त्र शिकवीत.

१९९६ साली त्यांना नर्मदेकाठच्या एका गुहेत डोळे नसलेला कोळी मिळाला. जात नवी असावी, असा त्यांचा कयास होता. परंतु कोळ्याची जात प्रौढ मादीच्या जननांगाच्या रचनेवरून ठरते, आणि ही मादी अजून वयात आली नव्हती. तिने शेवटची कात टाकेपर्यंत तिला जगवणे भाग होते. बडोद्याच्या वासणा भागातील आमच्या घरात गुहेसारखी ओल आणि काळोख पाण्याच्या माठामागेच होता. तिची बरणी वहिनींनी तिथे ठेवली.

दिवाळीची सफाई आली, तेव्हा कोळिणीने खाणे सोडले होते. कात टाकण्याची ती खूण होती. बरणी हलवली असती, तर कात अडकून ती मेली असती.

आमच्या मातोश्री चिमणाबाई म्हणाल्या, "सूनबाई, जाळ्यांच्या घरात लक्ष्मी येत नाही."

"तिला पुढच्या दाराने येऊ द्या, आई. ते झाडलेलं आहे."

रंगारी येताच मात्र मातोश्रींनीच बजावले, "माठामागची भिंत सोडा. तिथे बाळंतिणीची खोली आहे."

भाऊबीजेच्या सकाळी बरणीत रिकामी कात लोंबत होती. वहिनींनी वयात आलेल्या मादीला सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिलेले वर्णन पुढे तज्ज्ञांनी मान्य केले, आणि जात नवी ठरली. तिचा नर अद्याप कोणासही सापडलेला नाही. तेवढे काम शिल्लक आहे.