आमच्या साडूंचं खोललेलं ग्रंथालय

पुस्तकावर इतकं प्रेम आणि पुस्तकाचे इतके हाल एकाच माणसाच्या हातून झाल्याचं दुसरं उदाहरण अख्ख्या वऱ्हाडात सापडायचं नाही, आणि दुर्दैव असं की तो माणूस माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी जन्मभर मेकॅनिकल शिकवलं आणि मी अमरावतीच्या एका कॉलेजात जन्मभर ग्रंथपाल होतो. 'दोन्ही जावई पुस्तकवाले मिळाले,' असं आमचे सासरे विहारात भेटेल त्याला कौतुकाने सांगत. मलाही ते खरं वाटायचं. मग लग्नानंतर पहिल्यांदा साडूंकडे जेवायला गेलो आणि घास हातातच राहिला. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला वर्कशॉपमधला लोखंडी व्हाइस बसवलेला, त्याच्या जबड्यात यंत्रशास्त्राचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ करकचून आवळलेला, आणि आमचे साडू हॅक्सॉच्या पात्याने त्याची पाठ कापत बसलेले. पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्या विद्यार्थ्याला मी वाचनकक्षाबाहेर काढत असे. इथे माझ्या डोळ्यांदेखत एका ग्रंथाचा खून पडत होता आणि ताई शांतपणे पोळीवर तूप सोडत होत्या. "साडूभाऊ, हे काय करता?" मी जवळजवळ किंचाळलोच.

"खोलून राह्यलो," ते मान वर न करता म्हणाले. "इंजिन खोलते का नाई मानूस? मंग? बाइंडिंग म्हंजे काही वेल्डिंग नोहे, भाऊ. नटबोल्ट समजा. खोलासाठीच असते ते."

त्यांचं तत्त्वज्ञान असं होतं की आठशे पानांचं पुस्तक हे एकाच माणसाला लागत नाही. ज्याचा पंप बिघडलाय त्याला पंपाचं प्रकरण पाहिजे. त्याच्या डोक्यावर थर्मोडायनॅमिक्स कशाला मारायचं? म्हणून ते प्रत्येक पुस्तक प्रकरणांत सुटं करत, प्रत्येक प्रकरणाला जाड पुठ्ठा लावून दोऱ्याने शिवत आणि ज्याला गरज असेल त्याला नेऊन देत. आतल्या खोलीत पुस्तकं नव्हतीच. तिथे रांगेने बिस्किटांचे पत्र्याचे मोठे डबे होते, आणि त्यांवर रंगाने लिहिलेलं: बेअरिंग, बॉयलर, गिअर, पट्टे, वंगण. थिअरीच्या पुस्तकाची प्रॅक्टिसच्या पुस्तकाशी सरमिसळ, जुन्याची नव्याशी सोयरीक. वर्गीकरणाचे जे जे नियम मी आयुष्यभर प्राणपणाने पाळले, ते सगळे त्या खोलीत एकदम मोडीत निघाले होते. मी दारातच मटकन बसलो. ताईंनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "होते तसं पहिल्यांदा. आमच्या दिराले तं घामच फुटला होता."

बरं, कापून थांबतील तर ते आमचे साडू कसले! पुस्तकं इंग्रजी आणि घेणारे मिस्त्री, ड्रायव्हर, ऑइल इंजिनवाले. म्हणून प्रत्येक आकृतीच्या बाजूला साडू बॉलपेनने मराठीत लिहून ठेवत. मराठीत कसलं, चक्क वऱ्हाडीत. एका देखण्या विलायती आकृतीशेजारी मी स्वतः वाचलंय : 'हा दांडा ढिला झाला का हे सगळं बोंबलते.' पेन्सिलने केलेल्या खुणासुद्धा मी खोडरबर घेऊन पुसत आलो होतो. आणि प्रकरण परत आलं की साडूंची तपासणी आणखीच भलती. पानांवर ग्रीसची बोटं, ऑइलचे डाग, चहाची वर्तुळं असली की ते खूष. एकदा वरूडच्या एका बाईंनी, त्यांचं संत्र्यांची प्रतवारी करायचं युनिट आहे, पट्ट्यांचं प्रकरण अगदी कोरं करकरीत परत पाठवलं, तेव्हा साडूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. "डाग नाई एक," ते हताशपणे म्हणाले. "वाचलंच नाई थ्या बाईनं." दुसऱ्या दिवशी ते तेच प्रकरण घेऊन पुन्हा वरूडला गेले, चालत्या मशीनशेजारी उभं राहून बाईंना वाचून दाखवलं आणि स्वतःच्या हाताने पानांवर दोन डाग पाडून आले.

आमच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी आहेर काय द्यावा? घर्षण आणि वंगण ही दोन प्रकरणं, लाल फितीने एकत्र बांधून. "दोन्ही एका जाग्यावर ठेवजा," एवढंच बोलले आणि जिलबीकडे वळले. माझी आई बरेच दिवस विचारत होती की हे गृहस्थ डोक्याने बरे आहेत ना. मूर्तिजापूरजवळ एकदा आमची एसटी बंद पडली, तेव्हा सगळे प्रवासी खाली उतरून सरकारला शिव्या घालत होते आणि हे ड्रायव्हरला झाडाखाली बसवून इंधनपंपाचं प्रकरण शिकवत होते. दुसरी गाडी आली, आम्ही सगळे चढलो. ड्रायव्हर मात्र त्यांना सोडेना. साडू संध्याकाळी घरी पोचले, सबंध शर्ट काळा, चेहऱ्यावर लग्नघरच्या वरबापाचा आनंद. एकदा मी काकुळतीने म्हणालो, "निदान इतिहासाची पुस्तकं तरी सोडा हो! यंत्रांचा इतिहास कोणत्या गॅरेजला लागतो?" तर म्हणाले, "वाफेच्या इंजिनाचा इतिहास कापसाच्या त्या बंद जिनिंगच्या चौकीदाराले देल्ला मी. आवारात तसंच इंजिन गंजून पडलं हाये. बिचारा वर्षानुवर्ष राखन करून राह्यला, पन कशाची करून राह्यलो हेच त्याले माहीत नोतं."

असे धक्के पचवत आमचं नातं चाललं होतं. खरा धक्का बसला तो अलीकडे. अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात माझी ओळख आहे. त्यांच्या नव्या ग्रंथालयात जुन्या यांत्रिकी ग्रंथांसाठी एक कपाट राखून ठेवायचं चाललं होतं. मी उत्साहाने साडूंच्या वडिलांच्या पुस्तकाचा विषय काढला. साडूंचे वडील, पुंजाजी, अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये तेलपाणी करायचे. यंत्रांच्या सांध्यांत तेल सोडायचं, एवढंच काम. फॅक्टरीच्या ऑफिसातली रद्दी एकदा बाहेर फेकली, तेव्हा त्यांनी त्यातून यंत्रांवरचं एक भलंथोरलं इंग्रजी पुस्तक उचलून आणलं. बॉयलरपासून मोटारीच्या ब्रेकपर्यंत सगळं त्यात. स्वतःला अक्षर येत नव्हतं. चित्रं दाखवत मुलाला म्हणायचे, हे वाच आणि सांग. त्या पुस्तकावरच आमचे साडू शिकले. ग्रंथालयाच्या लोकांना ही हकीकत फार आवडली. ते पुस्तक मधोमध ठेवू आणि कपाटाला पुंजाजींचं नाव देऊ, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. अट एकच आणि ती रास्तच होती : पुस्तक पूर्ण असावं.

साडूंना हे सांगितलं, तेव्हा हा हॅक्सॉवाला माणूस एकदम लहान पोरासारखा झाला. अमरावतीला येऊन कपाट पाहून गेला. राजापेठेतल्या आमच्या घरी बसून पुन्हा पुन्हा विचारायचा, "नाव पुरं लिहतीन ना? वडलाच्या नावासकट? अक्षर केवढं राहीन?" मी म्हटलं, "लिहितील हो. आधी पुस्तक तर आणा." तेव्हा ते खाली पाहू लागले. "साडूभाऊ, ते पुस्तक तुम्ही..."

"तेच तं सगळ्यात पहिले खोललं," ते हळूच म्हणाले. "बाबा म्हने, वाच अन् सगळ्यायले सांग. सगळ्यायले म्हनला तो. मंग मी एकट्यानं कपाटात ठेवू कसा?"

बापाची एवढी एकच आठवण घरात, आणि तीही यांनी व्हाइसमध्ये धरली! त्या दिवशी मी त्यांच्यावर मनापासून चिडलो. दिलेली प्रकरणं परत मागायला ते आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर पडले. कुठलं प्रकरण कोणाकडे आहे याची नोंद कुठेच नव्हती, सगळं डोक्यात. लोकांनी परतही दिली. काळी, चिकट, कडा खाल्लेली. साडू ती ओळीने लावत, कडा जुळवत, आणि जन्मभर पुस्तकं कापायला वापरलेला तो व्हाइस आता पुस्तक जोडण्यासाठी आवळत. मी जातीने सरस लावायला अकोल्याला गेलो. ते पुस्तक पुन्हा उभं राहताना पाहून मला कॉलेजात पहिली नेमणूक झाल्यासारखा आनंद झाला. फक्त एक फट राहिली. ब्रेकचं प्रकरण. ते परतवाड्याला, शकील मिस्त्रींच्या गॅरेजात होतं. मेळघाटात चढणाऱ्या-उतरणाऱ्या जीपा तिथे दुरुस्त होतात.

आम्ही दोघे परतवाड्याला गेलो. शकील मिस्त्रींनी "आओ सर, बसा ना" म्हणून चहा मागवला. साडूंनी घसा साफ करून विषय काढायला सुरुवात केली, तेवढ्यात एका जीपखालून आवाज आला, "उस्ताद, पेडल मऊ लागून राह्यलं!"

शकीलभाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मंग मले कावून विचारते? पुंजाजीले विचार ना!"

साडूंनी कप खाली ठेवला. जीपखालून एक दाढीवाला कारागीर बाहेर आला, पँटला हात पुसत भिंतीकडे गेला. भिंतीवर, जाड प्लास्टिकच्या कागदाखाली, ब्रेकच्या प्रकरणाची सगळी पानं ओळीने चिकटवलेली होती. बोटांनी काळी पडलेली. त्याने आकृतीवर बोट ठेवलं आणि बाजूची ओळ मोठ्याने वाचली, "पेडल मऊ लागलं तं पाइपात हवा शिरली समज. आधी हवा काढ, मंग बाकीचं पाह्य." मान डोलावून तो परत जीपखाली गेला.

"पुंजाजी कोन?" साडूंनी विचारलं. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"काय सर! तुमीच तं सांगतलं होतं देतानी, पुंजाजीचं हाये, जपून वापरजा म्हनून." शकीलभाईंना उलट नवल वाटलं. "बहोत बडे इंजिनिअर असन ते. इंग्रजीत पुस्तक लिवलं अन् बाजूले आपल्या बोलीत समजावूनबी देल्लं. कोन करते असं? इथं तं घाटात जानारे जीपवालेबी विचारतात, पुंजाजीपरमानं ब्रेक पाह्यला का? हो म्हनलं तरच गाडी काढतात." मग साडूंकडे पाहत ते म्हणाले, "तुमी काही मांगाले आल्ते का, सर?"

दुनियेला धक्के देत आलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा धक्का बसलेला पाहिला. साडू शेजारच्या टायरवर बसले. तोंड उघडं, डोळे भिंतीवर. खरं काय ते सांगावं म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनी माझं मनगट असं घट्ट धरलं की व्हाइसनेही धरलं नसतं. "नाई," ते शकीलभाईंना म्हणाले. "सहजच आलो होतो. पानं बराबर हायेत का पाहाले." आणि उठून त्यांनी भिंतीवरच्या प्लास्टिकचा एक सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

अमरावतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. वलगावच्या अलीकडे म्हणाले, "बाबाले सही येत नोती, भाऊ. पगाराच्या दिवशी अंगठा देऊन येये. अन् आल्यावर बोटाची शाई घासून घासून काढे, मले दिसू नये म्हनून." त्यांनी स्वतःचा अंगठा एकदा उलटसुलट करून पाहिला. "त्याले लोकं विचारून राह्यले आता. ब्रेकचं." एवढ्या वर्षांत या माणसाला मी किती बोललो, किती हसलो! त्यांचा हात हातात घ्यावा असं फार वाटलं, पण आम्हा साडूसाडूंत तशी पद्धत नाही.

"कॉलेजले सांगून द्या," ते म्हणाले, "पुस्तक अपुरं हाये म्हना."

"सांगतो," मी म्हटलं.

गाडी शहरात शिरली. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि तो पुन्हा न लावताच माझ्याकडे पाहिलं.

"पन कपाट चांगलं होतं, नाई?" ते म्हणाले. "बाबाले आवडलं असतं."