दीपमाळेची साक्ष

"छाप काय तुझ्या बापाची?"

"बापाचीच! त्यानंच काढली पेटीवर, पहिल्यांदा."

पावस गावच्या गुणाजी बागाईतदारांच्या बागेतल्या मांगरात आंब्याच्या पेट्या भरता भरता हौसानं हे भांडण ऐकलं, तेव्हा तिला हसू आलं. गुणाजींसमोर उभा होता रत्नागिरीचा विठू सरबतवाला. त्यानं कोकम सरबताच्या बाटल्यांवर गुणाजींच्या पेट्यांवरची दीपमाळ छापून घेतली होती. बाटली उघडली की घाण वास, आणि शिव्या मात्र गुणाजींना.

"तू आंबे विकतोस, मी सरबत. तुझं रे काय घोडं अडलं?" विठू म्हणाला. तिथून प्रकरण कोर्टात गेलं. पंच्याऐंशी सालच्या सुमाराची गोष्ट.

वकिलांनी गुणाजींना समजावलं, "माल कुठलाही असो, दीपमाळ दिसली की लोकांना तुम्हीच आठवता, एवढी ती नावाजलेली आहे, हे कोर्टाला पटायला हवं. त्याला शेटजी नकोत, साक्षीला साधी माणसं आणा."

हौसाचा उभा जन्म पेटीत पेंढा अंथरण्यात गेलेला. गुणाजी म्हणाले, "घाबरू नको गो. असेल ते सांग."

ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. डोक्याला खोबरेल एवढं, की कोर्टाचा शिपाईसुद्धा वळून बघायला लागला.

"ही छाप ओळखता?" गुणाजींच्या वकिलांनी विचारलं.

"वळखते म्हंजे? आमच्या वाडीत घराघरात हाय!"

वकील खूश होऊन खाली बसले. मग विठूचा वकील उठला.

"घराघरात? सगळे गुणाजींचा हापूस खाता वाटतं?"

"आमाला कुठला परवडतोय हापूस! रिकाम्या पेट्या हायत. त्यातनं मुंबैच्या पोरांना आमचे रायवळ आंबे जातात, सखूचं सुकं म्हावरं जातं, चिमाची आमसुलं जातात. पेटी मजबूत हो, फुटत नाय!"

कोर्ट हसलं. हौसाही हसली.

"मग ही छाप बघून माल गुणाजींचाच, असं मुंबईत कोणी म्हणेल?"

"म्हावऱ्याला कोण म्हणंल, सायब? माल ज्याचा त्याचा."

गुणाजींनी मान खाली घातली, तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय करून बसलो ते.

निकालात आंब्यावरची दीपमाळ गुणाजींचीच राहिली. पण दुसऱ्या मालावरही लोक ती त्यांचीच समजतात, एवढी ख्याती काही शाबीत झाली नाही. विठूच्या बाटल्या दुकानांत तशाच उभ्या.

हौसा मेल्याहून मेल्यासारखी झाली. गुणाजी एवढंच म्हणाले, "खोटं नाय ना बोललीस? मग झालं." त्यापरीस चार शिव्या घातल्या असत्या तर घास तरी गिळला असता. मांगरात ती मागल्या दारानं जायला लागली. पाण्याला निघाली आणि समोरून गुणाजी आले, की हंड्यासकट दगडी गडग्याआड. घरातल्या पेट्या तिनं अंगणात काढल्या आणि कोयत्यानं एकेक दीपमाळ खरवडली.

शेजारची सखू म्हणाली, "वेडी काय गो तू? सगळी दुनिया नेते त्या पेट्या."

"दुनिया साक्षीला नव्हती उभी," हौसा म्हणाली.

पुढं ज्या वैशाखात ती वारली, त्या वैशाखातही रायवळांची पेटी डोक्यावर घेऊन ती एसटीच्या थांब्यावर आली. मुंबईच्या लेकाला, बाबूला, पाठवायची होती. कंडक्टरनं पेटी फिरवून बघितली.

"मावशे, कोरीच की ही. बाबू वळखंल कशी?"

"सुंभाला गाठ माझी हाय. वळखंल."

पेटी टपावर नीट बसली का ते तिनं मान वर करून बघितलं, आणि भात ठेवायचा होता म्हणून घराकडे वळली.