सेकंड शिफ्टमधलं ऊन

काळेवाडीतल्या आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाला काही लिहून हवं असलं की माझ्याकडे पाठवतात. मी शाळेत मराठी शिकवते आणि नाताळची नाटुकली मीच लिहिते. मेंढपाळांच्या तोंडी चार विनोद घातले तरी कुणी हरकत घेतली नाही, उलट हसले. त्यामुळे देवाच्या गोष्टीत आपण थोडी भर घातली तर चालतं, असं माझं मत झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी मंडळीतले एक गृहस्थ आले. मूळचे नगरकडचे, इकडे चाकणजवळच्या निघोज्यात एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करायचे. त्या प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. पाळकांनी त्यांना रविवारी साक्ष द्यायला सांगितलं होतं, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उपासनेत उभं राहून सांगायचं.

"बाई, मला बोलायला न्हाई जमत. तुम्ही लिहून द्या, मी वाचतो."

काय झालं होतं, असं मी विचारलं. ते तीन-चार वाक्यांत आटोपले. हात अडकला, दवाखान्यात नेलं, वाचलो, देवाची कृपा. एवढ्यावर साक्ष कशी होणार? मी लिहिलं, छपराच्या फटीतून उन्हाची तिरीप थेट मशीनवर पडली, सगळा खडखडाट शांत झाला आणि 'मी इथेच आहे' असा आवाज त्यांना ऐकू आला. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कागद त्यांच्या हातात पडला तो रविवारी, उपासना सुरू होताना.

वाचताना ते मध्येच अडखळले. मला वाटलं, गहिवरले. बायकांनी डोळे पुसले. पाळकांनी मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. मी मागच्या बाकावर खूश होते.

बुधवारी संध्याकाळी ते घरी आले. चहा घेईनात.

"बाई, सेकंड शिफ्ट होती. सात वाजून गेले होते. ऊन कुठलं?"

"अहो, ते जरा वर्णन…"

"आणि तो आवाज?"

मग त्यांनी सांगितलं.

मंडळीतल्या एक आजी त्यांच्याकडे आल्या होत्या. आजींचा मुलगा दवाखान्यात बेशुद्ध होता. 'तुला आवाज येतो ना, मग माझ्या लेकाचं विचार,' म्हणत त्यांनी यांचा तोच हात धरून ठेवला. 'नाही येत' असं यांना म्हणवेना. तेव्हापासून जेवण जात नव्हतं.

"मग खरं काय झालं होतं?" मी पहिल्यांदाच नीट विचारलं.

"प्रार्थना सुचलीच न्हाई. शिव्या दिल्या, देवालासुद्धा. शेजारच्या मशीनवरच्यानं रुमाल आवळून बांधला, टेम्पोत घालून नेलं. बायको बाळंतपणाला माहेरी होती. दीड महिना तो रोज शिफ्टच्या आधी घरी यायचा. अंघोळ घालायचा, शर्टाची बटणं लावायचा. तो आपल्यातला न्हाई, बौद्ध आहे."

"हे का नाही सांगितलंत?"

"यात देवानं काय केलं असं कुणी विचारलं, तर काय सांगू?"

मी पुन्हा लिहून देते म्हटलं. ते नको म्हणाले. मग आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. "आजी, मला आवाज आला नव्हता," ते म्हणाले. मी सांगितलं, "ते मी रचलं होतं." आजींनी मला विचारलं,

"शिकलेली ना गं तू?"

मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बस तरी जरा."

ते बसले. पुढेही कामावरून सुटले की रोज जाऊन बसायचे. अकराव्या दिवशी आजींचा मुलगा गेला.

त्यानंतरच्या रविवारी ते कागदाशिवाय उभे राहिले. थांबत थांबत बोलले, शिव्यांचंही सांगितलं. कुणी डोळे पुसले नाहीत. बाहेर पडताना पाळक मला हळूच म्हणाले, "बाई, आधीची जास्त चांगली होती." खोटं कशाला बोलू, लिखाण म्हणून मलाही तसंच वाटलं. पण साक्षी लिहून देणं मी तेव्हापासून बंद केलं.

ते आता चाकणला तयार मालाच्या तपासणीच्या टेबलावर काम करतात. मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यांचा तो शेजारच्या मशीनवरचा मित्र आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याला पहिल्या बाकावर बसवलं होतं. कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं, ते तो शेजारी बसलेल्या त्याच आजींकडे बघून करत होता.