करंगळीएवढी धार

विजेचा शेवटचा खांब जिथे उभा आहे तिथून चढावर अर्धा तास चाललं की मीटरमास्तरांचं घर लागतं. मास्तर म्हणजे काही शाळेतले नव्हेत. एकतीस वर्षं त्यांनी घरोघरी फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपून घेतले, कुत्र्यांचं भुंकणं आणि माणसांचं त्याहून मोठ्याने भुंकणं ऐकून घेतलं, आणि लोकांनी दिलेलं हे नाव निवृत्तीनंतरही त्यांना चिकटून राहिलं. नोकरी संपली त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आता आपण अशा घरात राहणार जिथे मीटरच नसेल. माणसं असं बरंच काही बोलतात आणि चार दिवसांनी विसरतात. मास्तर बोलले ते करून बसले.

छपरावर उन्हावर चालणारी पॅनेलं, खोलीत बॅटऱ्या, खालच्या झऱ्यातून पाणी वर खेचणारा एक लहानसा पंप, आणि घरामागच्या खडकावर पाण्याची टाकी. दिवे लागत, रेडिओ बोले, लहान फ्रीज कुरकुरत का होईना चाले. या सगळ्याचा हिशेब मास्तरांच्या लांबट वहीत रोजच्या रोज उतरे. किती ऊन पडलं, किती लिटर पाणी चढलं, किती उतरलं. निवृत्तीने नोकरी गेली होती, खोड गेली नव्हती.

बायको या घरात आली ती हौसेने नव्हे, पण कुरकुरतही नव्हे. तिने दोन वाफे केले, खिडक्यांना पडदे शिवले, वारा कुठल्या बाजूने येतो ते शिकून घेतलं. अडचण एकच, गरम पाणी. विजेवर पाणी तापवायचं तर बॅटऱ्या दहा मिनिटांत माना टाकणार. मास्तरांनी छपरावर काळ्या पाइपाची वेटोळी पसरून पाहिली. उन्हाळ्यात, म्हणजे कुणालाच नको तेव्हा, त्यातून कढत पाणी आलं. थंडीत धुकं उतरलं की ती वेटोळी नुसती शोभेला. मग राहिली चूल, आणि चुलीवरचं मोठं पातेलं.

गेल्या थंडीत ते पातेलं न्हाणीघरात नेताना बायकोचा पाय घसरला. भाजलं नाही हे नशीब, पण मनगट मोडलं. हाड जुळलं तरी बोटं काही पहिल्यासारखी झाली नाहीत. गार पाण्यात हात घातला की ती काड्यांसारखी ताठ होत, आणि मग दिवसभर साधं बटण लावायलाही मास्तरांना हाक मारावी लागे. या वर्षी दुपारचा वारा बोचायला लागला तसं तिने शांतपणे सांगितलं, "अहो, थंडी सुरू झाली की मी लेकीकडे जाते. तुम्ही राहा इथे."

"कितीसे दिवस?"

"बघू."

त्या 'बघू'चा हिशेब मास्तरांना लागेना. लेकीचं घर शहरात, सहाव्या मजल्यावर. नळ फिरवला की गरम पाणी, खाली उतरलं की बाग. तिथे एकदा ही गेली तर परत कशाला येईल? आपण तरी आलो असतो का? स्वतःलाच विचारलेल्या या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही. तोंडाने मात्र ते म्हणाले, "कुठे जायची गरज नाही. गॅसचा गीझर आणतो. थंडीच्या आत."

आता गीझर आणायचा म्हणजे दुसरं कुणी सरळ दुकानात जाऊन घेऊन येईल. मास्तरांनी आधी वहीची चार पानं भरली. टाकीत पाणी साठवून तापवणारा नको, कारण आपण झोपलो तरी तो गॅस जाळत राहणार. नळ सोडला की पेटणारा आणि बंद केला की विझणारा हवा. ठिणगीसाठी वीज लागता कामा नये, टॉर्चचे दोन सेल पुरले पाहिजेत. गॅस प्रोपेनचा, कारण तो कडाक्याच्या थंडीतही सिलिंडरमध्ये गोठल्यासारखा बसून राहत नाही. टाकीच्या उंचीमुळे पाण्याला जोर किती मिळतो तेही त्यांनी मोजलं. तो कमी निघाला, तेव्हा खडकावर दगडी ओटा बांधून टाकी पुरुषभर उंच नेली. पंधरा दिवस गेले. कंबरही गेली. पण न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडल्यावर मिनिटाला सहा लिटर पाणी पडू लागलं, तेव्हा मास्तरांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

गीझरचं दुकान एक बाई चालवत होत्या. नवरा नळजोडणी करायचा. तो गेल्यावर दुकान त्यांनी हातात घेतलं, आणि जुनी गिऱ्हाइकं सांगत की दुकानाला तेव्हापासून जरा शिस्त आली. मास्तरांनी वही उघडून वाचायला सुरुवात केली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लावणार कुठे, काका?"

"न्हाणीघरात. नळाच्या वर."

"मग दुसरं दुकान बघा."

मास्तर चपापले.

"बंद न्हाणीघरात गॅस जळला की हवा विषारी होते. वास नाही, धूर नाही. माणूस आंघोळीला जातो आणि तिथेच आडवा होतो. बाहेरच्या भिंतीवर लावणार असाल तर देते."

मास्तरांनी मुकाट्याने वहीतली ओळ खोडली. चूक पटली की ते वाद घालत नसत. पटायलाच काय तो वेळ लागे.

"आणि नळ कोण सोडणार?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे? आंघोळ करणारा सोडणार."

"तसं नाही. हे यंत्र पाण्याच्या जोरावर पेटतं. कुणी भसाभसा सोडतं, कुणी जपून. काकूंना एकदा घेऊन या. मागे अंगणात नळ आहे, बादली आहे, त्यांच्या हातानेच बघू."

"तिला यातलं काय कळतंय," मास्तर म्हणाले. "मी सगळं मोजलंय. मिनिटाला सहा लिटर. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा कुठला?"

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मोठा गीझर काढून दिला. तो पेटायला मिनिटाला साडेतीन लिटर पाणी पुरे होतं. मास्तरांचं गणित आरामात सुटत होतं.

बाहेरच्या भिंतीवर वारा लागणार नाही असा कोपरा बघून त्यांनी गीझर टांगला. सिलिंडर बाहेरच, सपाट दगडावर ठेवला. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहिलं. मग स्वतः आत शिरून नळ सोडला. बाहेर टकटकटक झालं, भप्पकन ज्योत पेटली आणि पाणी असं काही आलं की मास्तर लालबुंद होऊन बाहेर आले. "राणीसारखी आंघोळ कर!" त्यांनी बायकोला सांगितलं.

राणी आत गेली. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "अहो, गारच आहे की!"

मास्तर धावले. नळ सोडला, तर कढत पाणी. बायको पुन्हा आत गेली, तर गार. तीन दिवस हाच खेळ. त्यांनी सेल बदलले, जाळी धुतली, पाइप उलटसुलट करून पाहिले. त्यांना बघताच ते यंत्र शहाण्यासारखं पेटे, आणि बायको आत गेली की ढिम्म. शेवटी ते वैतागून म्हणाले, "याला तू आवडत नाहीस, दुसरं काय!"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिने माळ्यावरून बॅग काढली. ताठरलेल्या बोटांनी तिची चेन ओढता येईना तेव्हा दातांनी ओढली, पण नवऱ्याला हाक मारली नाही. लेक रविवारी दुपारी गाडी घेऊन खालच्या खांबापाशी येणार असं फोनवर ठरलं. बोलणं मास्तरांच्या समोरच झालं.

शुक्रवारी ती आंघोळीला गेली तेव्हा मास्तर बाहेर गीझरखालीच ठाण मांडून बसले. हातात घड्याळ, मांडीवर वही. यंत्र ढिम्म. आतून बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता, आणि प्रथमच त्यांनी तो आवाज नीट ऐकला. इतकी बारीक धार! पंधरा लिटरची बादली भरायला सात मिनिटं लागली. मास्तरांनी भागाकार केला. मिनिटाला दोन लिटर आणि वर थोडं. पेटणार कसं?

"अगं," ते दाराशी जाऊन ओरडले, "तू नळ सोडतेस किती?"

दार थोडं उघडलं. तिने टॉवेल गुंडाळला होता आणि ओठ निळे पडले होते. तिने नळाच्या वर बोट दाखवलं. तिथे प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेला एक कागद होता. तीन वर्षांपूर्वी टाकी एकदा कोरडी पडली, तेव्हाचा. अक्षर मास्तरांचंच, सुबक, मीटरच्या पुस्तकात शोभेल असं.

'नळ करंगळीएवढाच सोडावा. हुकमावरून.'

आपण तो लावला होता हे मास्तर साफ विसरले होते.

"पण मी तर..." मास्तर पुटपुटले.

"तुम्ही पूर्ण सोडता," ती म्हणाली. "तुमच्या बादलीचा आवाज रोज ऐकते मी. तीन वर्षं ऐकतेय."

आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मास्तरांना ते जास्त लागलं. वहीत टिपलेला पाण्याचा रोजचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्या आकड्याचा त्यांना अभिमान होता. तो कुणाच्या कुडकुडण्यावर उभा होता हे वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकतीस वर्षं लोकांच्या घरातला आकडा बरोबर वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला वाचता आला नव्हता, आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यांनी कागद ओरबाडून काढला. "सोड आता पूर्ण."

तिने सोडला. बाहेर भप्पकन पेटलं. पाणी कोमट व्हायला लागलं तोच तिचा हात आपोआप नळाकडे गेला आणि धार बारीक झाली. यंत्र विझलं.

"बघा," ती म्हणाली. "कागद निघाला. हाताची सवय कशी निघायची?"

शनिवारी सकाळी दोघं बसमधून दुकानात गेली. मोठा गीझर मास्तरांच्या मांडीवर होता. दुकानदार बाईंनी तो पाहिला, काकूंना पाहिलं, आणि 'मी म्हणत नव्हते का' हे वाक्य गिळलं. एवढ्यासाठी तरी मास्तरांनी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "हिला आधी आणायला हवं होतं."

मागच्या अंगणात बाईंनी एकेक गीझर नळाला जोडला. "काकू, रोज सोडता तसाच सोडा. आमच्याकडे बघू नका." पहिला पेटला नाही. दुसरा पेटला आणि खोकून विझला. तिसरा अगदी लहान, बुटांच्या खोक्याएवढा. मास्तरांनी त्याच्याकडे आधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिने नळ सोडला, करंगळीएवढा. टक, टक, आणि निळी ज्योत उभी राहिली. बायकोने धारेखाली बोटं धरली आणि तशीच धरून ठेवली. किती वेळ कोण जाणे. मास्तरांनी घड्याळ पाहिलं नाही.

"हा दीड लिटरलाही पेटतो," बाई म्हणाल्या. "धार जाड केली तर पाणी जरा कमी तापेल, पण विझणार नाही. मोठ्या घरात कुणी घेत नाही याला."

परतताना तो गीझर तिने स्वतःच्या मांडीवर घेतला. संध्याकाळी मास्तरांनी तो बसवला. बॅग मात्र दारापाशी भरलेलीच होती.

रविवारी न्याहारी झाल्यावर ती आंघोळीला गेली. मास्तर बाहेर दगडावर बसले. वही घरात ठेवली होती, मुद्दाम. गीझरच्या लहानशा काचेतून निळी ज्योत दिसली आणि टिकली. आतून बादलीचा आवाज आला, मग पाणी अंगावर घेतल्याचा, मग पुन्हा बादलीचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एवढ्या वेळात मास्तरांच्या तीन आंघोळी झाल्या असत्या. त्यांची नजर सवयीने टाकीकडे गेली. त्यांनी ती वळवून समोरच्या डोंगरावर लावली.

"अहो," आतून हाक आली, "पाणी संपेल का?"

"संपू दे," मास्तर म्हणाले.

आत धार हळूहळू जाड झाली. करंगळीएवढी, अंगठ्याएवढी, आणि मग बादलीत धो-धो पडायला लागली.

"लेक निघाली नसेल अजून," ती आतून ओरडली. "फोन करा तिला. म्हणावं, आई येत नाही. तूच मुलांना घेऊन ये राहायला. आपल्याकडे गरम पाणी आहे."