चाळीस पावलांवरचा दगड

याह्याभाईंशी माझी ओळख झाली तीच भांडणातून. सात वर्षं झाली त्याला. मी चितेगावच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. रोज शहरातून पैठण रोडनं जाणं-येणं, आणि त्यासाठी तेव्हा नुकतीच एक जुनी, दोन मालक करून आलेली पांढरी गाडी घेतलेली. एका सकाळी ती भर रस्त्यात रुसून बसली. चावी फिरवली की नुसतं कट्‌कट्‌ वाजायचं. कुणीतरी नंबर दिला, मी फोन केला, आणि पंधरा मिनिटांत एक उंच, पिकल्या दाढीचे गृहस्थ स्कूटरवर आले. पायाशी एक बॅटरी, खांद्यावर जाड केबलचं वेटोळं. मला वाटलं आता बॉनेट उघडतील. तर हे गाडीच्या मागं चालायला लागले, पावलं मोजत. चाळीस झाली तिथं रस्त्याच्या कडेला त्यांनी एक दगड ठेवला, त्याखाली लिंबाची फांदी दाबली आणि सावकाश परत आले.

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी विचारलं, तुम्ही बॅटरी बघायला आलात की झाडं लावायला? ते शांतपणे म्हणाले, "ताई, बॅटरी कुठं पळून चाल्ली? आधी मागून येणाऱ्याची सोय करू."

मग मला चारही इंडिकेटर लावायला सांगितले आणि गाडीपासून लांब, शेताच्या बाजूला उभं राहायला लावलं. मदत करायची असेल तर हातातल्या धातूच्या बांगड्या आणि घड्याळ काढा, म्हणाले. मी काढलं, पण तोंड वाकडं करूनच. काम झाल्यावर हा माणूस पुन्हा चाळीस पावलं मागं गेला, दगड उचलून नालीपलीकडं टाकला, फांदी टाकली, आणि मगच पैशाचं बोलला.

त्यांचं गाव वैजापूर. तरुणपणी बारा वर्षं कांद्याचे ट्रक चालवले. पाठ गेली तेव्हा लासूर स्टेशनला पुंडलिक मिस्त्रींच्या हाताखाली बॅटरीचं काम शिकले. हे पुंडलिक मिस्त्री एका डोळ्यानं आंधळे होते. बॅटरीतलं पाणी किती उरलंय ते दिसेना म्हणून त्यांनी काडी ओढली होती. बॅटरीतून निघणाऱ्या वायूनं पेट घेतला, झाकण उडालं आणि आतलं तेजाब डोळ्यात गेलं. याह्याभाईंच्या दुकानात त्यामुळं बिडीला सक्त मनाई. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, बिडी पेटलेली दिसली की भाई पान्हा खाली ठेवायचे आणि ती विझेपर्यंत हात लावायचे नाहीत. चितेगावच्या अलीकडं पत्र्याचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या बायको, खुशनुमाभाभी. मूलबाळ नाही. दुकानात कोण आलंय ते न बघताच भाभी चहा टाकायच्या. मी गेले की कप हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, आज कुणावर चिडून आलात?

सात वर्षांत त्यांनी मला पुष्कळ शिकवलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड धरली की कोमट पाण्यात सोडा घालून ती कशी धुवायची. आत नळाचं पाणी कधी ओतायचं नाही. तार काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. दुसऱ्याच्या गाडीवरून करंट घ्यायचा तर लाल चिमटा आधी आपल्या मेलेल्या बॅटरीला, मग दुसऱ्या टोकाचा लाल त्यांच्या चांगल्या बॅटरीला, मग काळा त्यांच्या बॅटरीला, आणि शेवटचा काळा आपल्या बॅटरीला अजिबात नाही. तो इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण ठिणगी उडते ती शेवटच्या चिमट्याला. हे मला त्यांनी इतक्या वेळा म्हणून दाखवायला लावलं की एकदा मी वैतागून म्हटलं, पाढे म्हणायला बसवलंय का मला? ते म्हणाले, "व्हय. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून."

आणि दगड. आमच्याकडं गाडी बंद पडली की लोक रस्त्यावर दगड मांडतात आणि गाडी सुरू झाली की तसेच टाकून निघून जातात. हे आपण सगळे करतो. भाईंना त्याचा भयंकर राग यायचा. नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी दोन-दोन दगड देऊन ठेवले होते, अर्धे लाल, अर्धे पांढरे रंगवलेले, डिकीत ठेवायला. गाडीतला लाल त्रिकोण ट्रकच्या वाऱ्यानं पडतो, तो या दगडानं दाबायचा. दुसरा दगड चाकामागं. रंग एवढ्यासाठी, की लांबून दिसावा आणि टाकून जायला लाज वाटावी. माझा त्रिकोण पहिल्याच वर्षी मोडला, नवा घ्यायचा राहूनच गेला. दगड मात्र होते.

गेल्या जानेवारीत, माझ्या मुलीचं, रूपाचं, शाळेचं स्नेहसंमेलन होतं. संध्याकाळी सहाला. आदल्या वर्षी मी कामावरून पोचले तेव्हा पडदा पडला होता आणि पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. त्या दिवशी मी पाचलाच निघाले, आणि दुकानाच्या पुढं दोन किलोमीटरवर, वळणाच्या तोंडाशी, गाडी बंद. भाईंना फोन करून जागा सांगितली. ते म्हणाले, एका ट्रकखाली आहे, अर्धा तास लागेल.

मी सगळं बरोबर केलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगायचं आहे. इंडिकेटर लावले. एक दगड चाकामागं, दुसरा चाळीस पावलं मागं, वळणाच्या आधी. फांदी सापडली नाही, नुसताच ठेवला. एक भला माणूस त्याची गाडी घेऊन थांबला. केबल माझ्याकडं होती. बांगड्या काढल्या, चिमटे एकेक करून लावले, शेवटचा इंजिनाच्या लोखंडाला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो गृहस्थ म्हणाला, बाई, तुम्हाला तर सगळं येतं की! तो निघून गेला. मी अशी फुगले होते म्हणून सांगू.

साडेपाच वाजून गेले होते. मी गाडीत बसले. दगड आठवले. हो, आठवले, विसरले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. खाली उतरले आणि इंजिन पुन्हा बसलं तर, असं मनाला सांगितलं. खोटं होतं ते. हँडब्रेक लावून उतरले असते तर काही बिघडत नव्हतं. चाळीस पावलं जायची, चाळीस यायची. एका मिनिटाचं काम. मी गिअर टाकला आणि निघाले.

भाईंना फोन करून सांगितलं, येऊ नका, माझं मीच केलं. त्यांना इतका आनंद झाला! शेवटचा चिमटा कुठं लावला ते विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, "दगड उचलले ना, ताई?"

मी म्हटलं, "उचलले की. मी काय लहान आहे का?"

ते हसले आणि म्हणाले, शाब्बास.

महानुभाव आश्रमाच्या चौकात सिग्नलला थांबले तेव्हा वाटलं, पुन्हा फोन करून सांगावं, भाई, राहिलेत तेवढे, जाता जाता उचला. भाई खरंच गेले असते, एका शब्दानं बोलले नसते. पण शाब्बास म्हणून घेतलं होतं ना मी. फोन पर्समध्येच राहिला. सहाला पाच कमी असताना शाळेत पोचले. दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. रूपाचा नाच सातव्या नंबरवर होता, तो संपला तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

त्याच सुमाराला, अंधार पडता पडता, याह्याभाई एका गिऱ्हाइकाची बॅटरी पोचवायला शहराकडं निघाले होते. वळणाच्या अलीकडं त्यांची स्कूटर दगडावर चढली. कुठल्यातरी गाडीनं तो कडेवरून आत ढकलला असणार. उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला, मनगटाचा चुरा झाला. पायाशी ठेवलेली बॅटरी फुटून तेजाब पोटरीवर गेलं. वेदनेत तो माणूस डाव्या हातानं बाटलीतलं पाणी पोटरीवर ओतत बसला होता, असं त्यांना उचलणाऱ्यांनी सांगितलं.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत कळलं. तेवढ्या वेळात मी एक गोष्ट केली होती, ती आजवर नवऱ्यालाही सांगितली नाही. पहाटे उठून, लवकर ड्युटी आहे म्हणून थाप मारून, मी ते दगड आणायला गेले होते. चाकामागचा दगड तिथंच होता, मी डिकीत टाकला. दुसरा नव्हता. नालीत पाहिलं, बाभळीखाली पाहिलं. कुणीतरी उचलून टाकला असेल म्हणून मला हायसं वाटलं. रस्त्यावर पांढरट डाग होता, काचेचे तुकडे होते. मी त्यांच्यावरून चालत गाडीकडं परत आले.

दवाखान्यात गेले तेव्हा भाभी खाटेशी बसून ट्रकवाल्यांना शिव्या घालत होत्या. कुणाचं तरी वाटोळं करून जातात मेले, त्यांना अल्ला बघून घेईल. माझा हात धरून त्या रडल्या. म्हणाल्या, आयुष्यभर लोकांचे दगड उचलले हो यांनी, आणि यांच्याच नशिबी हे. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. भाई डोळे मिटून पडले होते. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स आली. ती गेल्यावर मी विचारलं, डाळिंब चालेल का?

चार महिने असेच गेले. दोन ऑपरेशनं झाली. मनगट सांधलं, पण मूठ वळत नाही. पान्हा धरता येत नाही त्यांना, केबलचा चिमटा दाबता येत नाही. आता ते स्टुलावर बसून सांगतात आणि भाभी हातमोजे घालून नट फिरवतात. मी दर आठवड्याला जायची. फळं न्यायची, औषधं आणून द्यायची, कंपनीतल्या चौघा-पाचजणांना त्यांच्याकडं पाठवायची. भाभी म्हणायच्या, सख्खी बहीण करणार नाही इतकं करता. ते ऐकून मला गाडीत बसल्यावर रडू यायचं. माझी लाज वाटायची मला. घरी जाऊन मी रूपावर ओरडायची, नवऱ्यावर ओरडायची. तिच्या नाचाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, मी आजपर्यंत लावलेला नाही.

मे महिन्यात एका दुपारी मी दुकानात बसले होते. भाभींनी चहा दिला. भाईंना डाव्या हातानं कप उचलायचा होता, तो कलंडला, गरम चहा मांडीवर सांडला. त्यांनीच घाईघाईनं म्हटलं, काही नाही, काही नाही. इतकं ओशाळलं तोंड झालं होतं त्यांचं. ते मला बघवेना.

मी म्हटलं, "भाई, तो दगड माझा होता. मी उचलले नव्हते. तुमच्याशी खोटं बोलले."

भाभींच्या हातात चहा पुसायचं फडकं होतं. ते तसंच राहिलं.

भाईंनी डाव्या हातानं काउंटरखालचं खोकं पायाशी ओढलं. त्यात चिंध्यांवर दगड होता. अर्धा लाल, अर्धा पांढरा, एका कडेचा टवका उडालेला.

"मला तिथंच कळलं होतं, ताई," ते म्हणाले. "रंग माझाच ना, आणि जागा तुम्ही फोनवर सांगितलेली. उचलणाऱ्या पोरांना म्हटलं, आधी तो दगड घ्या बाजूला, मग मला."

मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? एकदा तरी विचारायचं.

"विचारलं होतं की," ते म्हणाले. "फोनवर. पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा खोटं बोलल्या असत्या. मला ते नको होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, माझी ती सवय आहे. भाभी उठल्या. त्यांना भाईंनी काही सांगितलेलं नव्हतं, हे मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. चार महिने त्या कुठल्यातरी ट्रकवाल्याला शिव्या देत होत्या आणि माझ्यासाठी दुवा मागत होत्या. त्यांनी माझ्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा ठेवला. मग खोक्यातला दगड दोन्ही हातांनी उचलला, बाहेर जाऊन माझ्या गाडीच्या डिकीशी उभ्या राहिल्या. मी डिकी उघडली. त्यांनी तो पहिल्या दगडाशेजारी ठेवला आणि आत निघून गेल्या.

मी अजूनही जाते. भाभी माझ्या गाडीच्या बॅटरीची टोकं सोड्याच्या पाण्यानं स्वच्छ धुतात, काळी तार शेवटी लावतात, कामात काही कमी करत नाहीत. भाई स्टुलावरून मला कंपनीचं, रूपाचं विचारतात. चहा मात्र भाभी मला विचारत नाहीत.