चिंचेची बारीक फाटी

लडकूला कोणी विचारलं, तू काय करतोस, तर तो छाती पुढे काढून सांगायचा, "बॉयलरवर हाय." फखरुद्दीन शेठच्या सायझिंगमध्ये तो बॉयलर पेटता ठेवायचा. सायझिंग म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ पाजायचा कारखाना. खळ शिजवायला वाफ लागते आणि वाफेला लाकूड लागतं. पण भिवंडीच्या त्या वस्तीत त्याला बॉयलरवाला म्हणून कोणी हाक मारत नव्हतं. सगळ्यांना तो ठाऊक होता फाटीवाला लडकू म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्याचाही जीव पगारापेक्षा फाटीतच, म्हणजे चुलीच्या बारीक जळणातच, जास्त होता.

सायझिंगवर वाडा तालुक्यातून लाकडाचे ट्रक यायचे. बॉयलरला जाड ओंडके लागत. शेंडे, वाकडे बुंधे, सालीसकट उतरलेल्या ढलप्या पडून राहायच्या. शेठ म्हणाला, "ले जा, जगह खाली कर." लडकूने ते घरामागच्या पत्र्याच्या पडवीत नेलं आणि फोडायला बसला. फोडायचं म्हणजे कसं, तर अगदी बोटाएवढं बारीक. असलं काम दुसरा कोणी करत नव्हता, कारण वखारवाल्याला तेवढा वेळ कुठला? फाटी उन्हात खडखडीत वाळली की तिच्या जुड्या बांधायच्या, आणि बांधायला सायझिंगमधलंच वाया गेलेलं सूत. एका काडीत पेटणारी ही फाटी लूमवरच्या एकट्या कामगारांना सोन्यासारखी वाटायची. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहायचे. त्यांच्या वीतभर चुलीत ओंडका घालणार कुठे? त्यात चौऱ्याहत्तर साली रॉकेल मिळेनासं झालं. मग तर लडकूच्या दारात सकाळपासून माणसं उभी राहायला लागली. जे लाकूड फुकट येत होतं, ते वखारीच्या दुप्पट भावाने जायला लागलं.

लडकू वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कोणी त्याला दगड मारायला उठेल. त्याला फक्त चांगलं लाकूड दिसलं की राहवत नव्हतं.

त्याच वर्षी चैत्रात जवळच्या दापोडे गावात राघोची मुलगी गोदू गेली. राघो म्हणजे लडकूच्या बायकोचा, मैनाचा मावसभाऊ. त्याच्या बांधावर जुनी चिंच होती. चिंचा घ्यायला व्यापारी दुसऱ्या दिवशी येणार होता, म्हणून राघोने पंधरा वर्षांच्या पोरीला चिंचा झोडपायला वर चढवलं. लहानपणापासून ती त्या झाडावर खारीसारखी चढायची, त्यामुळे खाली कोणी उभंही राहिलं नाही. चिंचेची फांदी सहसा मोडत नाही. तेव्हाही मोडली नाही. गोदूचा पाय सुटला आणि ती खाली आली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी राघोने चिंच तोडायला घेतली. लडकू सायझिंगचा ट्रक घेऊन गेला, तेव्हा राघो तोडलेल्या बुंध्यावर बसला होता. त्याचे डोळे खोल गेले होते. त्याने पैशाचं नाव काढलं नाही. लडकूचा हात धरून त्याने बुंध्यावर दाबला.

"भावोजी, माझ्या पोरीचा जीव गेलाय हिच्यापायी. हिच्यावर कोनाची भाकर भाजता कामा नये. बॉयलरात घाला. तिथं कोन जेवत न्हाय."

"बॉयलरातच घालीन," लडकू म्हणाला. "या बुंध्याची आन."

त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता. दोन दिवस ट्रकभर चिंच सायझिंगच्या आवारात पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून त्याने एक तुकडा फोडून पाहिला. आत काळसर लाल गाभा होता, आणि चिंचेचा निखारा किती वेळ टिकतो हे लडकूला कोणी शिकवायची गरज नव्हती. असलं लाकूड बॉयलरच्या घशात घालायचं त्याच्या जिवावर आलं. बॉयलरला काय, आंबा आणि चिंच सारखीच. शिवाय पावसाळ्यात चिंचेच्या सुक्या फाटीला काय भाव आला असता! त्याने स्वतःची समजूत घातली. ओंडका पाहिला की माणूस विचारतो कुठलं झाड, कोणाच्या बांधावरचं. बोटाएवढ्या फाटीला कोण विचारतो? एवढी बारीक फोडली की ती चिंच उरतच नाही, नुसती फाटी होते. मैनाला त्याने सांगितलं, वाड्याचा माल हाय, आणि तिनेही मान डोलावली.

वैशाखभर तो फोडत बसला. आईन, धावडा, आंबा आणि चिंच, सगळं एकत्र मिसळून पडवीत छतापर्यंत रचलं.

आषाढात विक्री सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात दारात जानकीबाई उभी राहिली. जानकीबाई म्हणजे राघोची बायको, गोदूची आई. ती नवऱ्याला सोडून भिवंडीत आपल्या भावाकडे, हिरामणकडे राहायला आली होती. का आली ते कोणाला सांगत नव्हती. लोक म्हणत, पोरीच्या दुःखाने घर नको झालं असेल. भावावर भार नको म्हणून तिने दहा-बारा लूमवाल्यांची बिशी घातली होती. दोन वेळ जेवण, महिन्याच्या महिन्याला पैसे. चुलीला फाटी हवी होती, आणि घरचा माणूस फाटी विकत असताना ती दुसऱ्याकडे कशाला जाईल?

तिने जुड्या हातात घेतल्या आणि अगदी सहज विचारलं, "ते झाड जळलं का समदं, भावोजी?"

"त्याच दिवशी, वैनी."

"बरं," असं म्हणून ती जुड्या डोक्यावर घेऊन गेली.

लडकूने तिला थांबवायला हवं होतं. निदान नुसत्या धावड्याच्या जुड्या निवडून द्यायला हव्या होत्या. पण निवडायला बसला असता तर तिने विचारलं असतं, काय निवडताय. त्याने पैसे खिशात टाकले आणि तिची पाठ वळणावर दिसेनाशी झाली तरी तो दारात उभाच होता.

त्या दिवशी दुपारी त्याला जेवण आंबट लागलं. त्याने मैनाला विचारलं, वरणात चिंच घातलीस का. मैना म्हणाली, नाही बाई. दुसऱ्या दिवशी भात आंबट लागला. मग चहा, मग पाणीसुद्धा. मैनाने त्याला चुना-गुळाची गोळी दिली, कोणी सोडा दिला, पण काही उपयोग झाला नाही. आठ दिवसांत लडकूची हाडं वर आली. मग पत्र्यावर आवाज सुरू झाला. भर दुपारी, लख्ख उघडीप असताना, पडवीच्या पत्र्यावर टप, टप, टप. वाळकी चिंच पडावी तसा. पडवीवर कुठल्याच झाडाची सावली नव्हती. तो बाहेर येऊन बघायचा तर पत्रा कोरडा आणि रिकामा. आत येऊन कुऱ्हाड उचलली की पुन्हा टप. रचलेल्या फाटीकडे पाठ करून बसायची त्याला भीती वाटायला लागली. भुतंखेतं मानणारा तो माणूस नव्हता. दहा वर्षं एकट्याने बॉयलरची रात्रपाळी केलेली. पण फाटीच्या पलीकडे कोणीतरी पाय वर घेऊन बसलंय असं त्याला वाटायचं, आणि ते कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गोदूला शब्द पाळलेला हवाय, दुसरं काही नको, असं त्याने मनाशी धरलं.

श्रावणात एका सकाळी तो जुड्या पोचवायला बिशीत गेला. जानकीबाई भाकऱ्या थापत होती. चुलीत फाटी लालभडक पेटली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भावोजी, किती वाळलात! बसा, गरम भाकर खावा."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत पुढ्यात ताटली आली. तिने स्वतःही एक भाकरी घेतली आणि त्याच्यासमोर बसून खाऊ लागली. लडकू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पोरीला घेऊन गेलेल्या झाडाच्या आगीवर भाजलेला घास आई चावत होती, आणि तो त्याने पोचवला होता.

"फाटी चांगली हाय तुमची," ती म्हणाली. "फुंकायला लागत न्हाय. गोदूला फुंकायचा कंटाळा. ती असती तर खूश झाली असती."

लडकूने ताटली बाजूला सारली. पोट बिघडलंय असं काहीतरी पुटपुटून तो उठला आणि तसाच सायझिंगवर गेला. हातगाडी घेऊन घरी आला. पडवीतली फाटी निवडायला बसला. गाभ्याचे तुकडे ओळखू आले, पण वरच्या अंगाचे पांढरट तुकडे आंब्याचे की चिंचेचे ते त्याचं त्यालाच कळेना. त्यानेच तर इतकी बारीक फोडली होती. शेवटी त्याने सगळी रास गाडीवर चढवली, सगळ्या पावसाळ्याची कमाई. मैना दारात येऊन ओरडत होती, "डोकं फिरलंय काय तुमचं?" तो गाडी ढकलत निघाला.

तीन खेपांत त्याने सगळी फाटी बॉयलरात घातली. फावड्याने आत लोटायचा, मान दुसरीकडे फिरवायचा आणि दार लावून घ्यायचा. आत काय होतंय ते बघायची त्याची हिंमत नव्हती. वाफेचा काटा चढला, वरून झडप फुसफुसायला लागली. सुताच्या बीमवर काम करणारा माणूस "अरे लडकू, क्या कर रहा है!" म्हणून ओरडला, तरी त्याने आगीकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटची खेप संपली तेव्हा त्याला हलकं वाटलं. दिलेला शब्द उशिरा का होईना, पाळला होता. आता फक्त जानकीबाईकडच्या जुड्या परत आणायच्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो बिशीत गेला तेव्हा सकाळची पंगत उठून गेली होती. जानकीबाई भांडी घासत होती. कोपऱ्यात जुड्यांचं नुसतं सूत पडलं होतं. त्याने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. राघोला दिलेला शब्द, वैशाखातली फोडाफोडी, आषाढात तिच्याशी बोललेलं खोटं. सांगताना त्याने खाली बघितलं होतं. शिव्या येतील, तोंडावर राख येईल, आणि आली तर बरंच होईल, असं त्याला वाटत होतं.

जानकीबाईचा हात भांड्यावर थांबला. "म्हंजे मी पहिल्यांदा तुमच्याकडं आले, तवा ती चिंच तुमच्या पडवीत होती?"

"होती, वैनी."

"कालपातुर होती?"

"होती. काल समदी बॉयलरात घातली. एक कांडकं ठेवलं न्हाय. तुमच्याकडं असंल ते पन द्या, तेवढं टाकतो आनि सुटतो."

"माझ्याकडं न्हाय. सकाळी संपली." तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी पाया पडले होते त्यांच्या. झाड ठेवा म्हनून. त्यांना त्या झाडाखाली ती पडलेली दिसायची. मना चढताना दिसायची. ऐकलं न्हाय त्यांनी. म्हनून निघून आले मी."

लडकूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो तिथेच ओल्या जमिनीवर बसला. जे वाचावं म्हणून ही बाई नवऱ्याच्या पाया पडली होती, ते चार महिने त्याच्या घरात होतं. त्याने ते तिला विकलं, तिच्याकडून जाळून घेतलं, आणि उरलेलं काल स्वतःच्या भीतीपायी संपवून टाकलं होतं.

जानकीबाई रडली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. घासायच्या राखेचं मडकं तिने पुढे ओढलं, त्यात हात घातला आणि म्हणाली, "यात तिची राख कंची असंल?" मग ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"गोदूला नेली तवा मना मसनात येऊ दिलं न्हाय. बायकांनी यायचं नसतं, बोलले. काल तुमी होतात ना आगीपुढं? कशी जळली, तेवढं सांगा."

लडकूने पाहिलंच नव्हतं. पण हे तिला सांगण्याएवढा निर्दय तो नव्हता.

"चांगली जळली, वैनी," तो म्हणाला. "धूर केला न्हाय."

"तडतडली?"

"न्हाय. शांत जळली."

"किती येळ?"

"दोन तास. मग नुसता लाल इंगळ. मी बाजूलाच होतो."

"एकटी न्हवती म्हंजे."

"न्हाय, न्हाय. मी होतो ना."

तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "पुन्हा सांगा."

लडकूने फाटीचा धंदा त्या दिवशी सोडला. पडवीत मैनाने कोंबड्या पाळल्या. तो पुढे बारा वर्षं बॉयलरवर होता, आणि त्या बारा वर्षांत जानकीबाई दर अमावास्येला दुपारची भांडी आवरून सायझिंगच्या फाटकाशी यायची. तो बाहेर येऊन उकिडवा बसायचा आणि सांगायचा. धूर केला नाही, तडतडली नाही, दोन तास, मग लाल इंगळ. कधी त्याच्याकडून एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ती लगेच हात वर करून म्हणायची, "मागं असं न्हवतं बोललात." मग लडकू चूक कबूल करायचा आणि पहिल्यापासून सांगायचा.