एका भांड्यातली कॉफी

बेटावरच्या तारली मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात टोन्का मुकादमीण होती. पाळी सुरू होण्याआधी ती एकाच भांड्यात सगळ्या बायकांसाठी कॉफी उकळायची. कप हातात आला की बायका बोलत्या व्हायच्या. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाचं पोर तापलंय, सगळं टोन्काला कळायचं आणि त्या बाईला त्या दिवशी ती हलकं काम द्यायची.

नवा साहेब तसा वाईट नव्हता. बायकांना बरं वाटावं म्हणून त्याने कॉफीचं यंत्र आणलं. जिला हवी तिने हवी तेव्हा प्यावी. टोन्काचं भांडं कपाटात गेलं.

त्या सोमवारी पेरिनाचे हात चालत नव्हते. "रात्री झोपली नाहीस का गं? उचल हात," टोन्का तिच्यावर दोनदा खेकसली. पेरिना खाली मान घालून डब्यात मासे रचत राहिली.

पाळी सुटली तेव्हा फाटकाजवळच्या खांबावर कुणी वारलं की लावतात तसा काळ्या चौकटीचा ताजा कागद डकवलेला होता. पेरिनाचा भाऊ पहाटे गेला होता.

"अगं, सांगायचंस तरी," टोन्का कशीबशी म्हणाली.

"घरात बसवेना म्हणून आले. सांगणारही होते. पण यंत्रापाशी मी एकटीच होते."